तिसऱ्या रांगेतली कॅसेट

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील वाटचाल’ असं छापलंय. संयोजकांची माफी मागून सांगते, ती वाटचाल अगदी सरळ आहे. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, अजून चालू आहे. एआयमुळे मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या वेळी विचारा. मलाही नक्की माहीत नाही. मी आज कॅसेटींबद्दल बोलणार आहे. आपल्या शाळेच्याच एका कॅसेटबद्दल, पण तिच्यापर्यंत यायला मला अमेरिकेतून यावं लागेल. पाच-सात मिनिटं जास्त झाली तर घंटा द्या. इथल्या घंटेला मी अजूनही घाबरते.

कंपनीने मला काही वर्षं कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. आमच्या टीममध्ये एक पन्नाशीचा टेस्टर होता. अतिशय खडूस माणूस. माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढताना त्याला विलक्षण आनंद व्हायचा. एकदा त्याने आम्हा दोघा-तिघांना घरी जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर गॅरेज दाखवलं. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर कॅसेटी. हजारेक तरी असतील. एकावरही कंपनीचं छापील कव्हर नाही. प्रत्येकीच्या कडेवर बॉलपेनने तारीख, गाव आणि सभागृहाचं नाव. आणि सगळ्या एकाच बँडच्या, ग्रेटफुल डेडच्या.

मी आपली मराठी शाळेतली मुलगी. रॉक म्हणजे हॉस्टेलवर दुसऱ्यांच्या खोलीतून ऐकू येईल तेवढंच माहीत. म्हणून मी विचारलं, एकाच बँडच्या हजार कॅसेटी कशाला? एवढी गाणी आहेत का त्यांची? तो म्हणाला, गाणी तीच आहेत. संध्याकाळी वेगळ्या आहेत.

हे आपल्याला खरं तर समजावून सांगायला नको. एखाद्या बुवांचा यमन तुम्ही पुण्यात ऐकलात म्हणून मिरजेचा सोडता का? ग्रेटफुल डेड १९६५ ते १९९५ अशी ३० वर्षं वाजवत राहिले, सुमारे २,३०० कार्यक्रम केले, आणि आज काय वाजवायचं याची यादी आधी ठरवत नसत. एक गाणं दुसऱ्यात कधी शिरेल, पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं कधी चालेल, हे त्यांनाही वाजवताना कळायचं. रेकॉर्ड फार खपायच्या असं नाही. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं त्यांचं गाणं एकच, तेही १९८७ साली, म्हणजे बावीस वर्षं वाजवून झाल्यावर. (त्यांचा एक ड्रमवाला, मिकी हार्ट, अल्लारखाँसाहेबांकडे शिकला होता आणि झाकीरभाईंबरोबर त्याने कितीतरी काम केलं. हे कळल्यावर मला त्या गॅरेजमध्ये जरा घरच्यासारखं वाटलं.)

तर बँडची खरी कमाई रोजच्या कार्यक्रमात होती, आणि तो कार्यक्रम रात्री संपला की संपला. म्हणून काही श्रोते तो टेप करायला लागले. इतर बँड असल्या माणसांना दारातच अडवायचे, यंत्रं काढून घ्यायचे. डेडने कानाडोळा केला. पुढे टेप करणारे इतके झाले की सभागृहात मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचं जंगल उभं राहिलं आणि मागच्यांना रंगमंच दिसेना. तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये बँडने वेगळा उपाय काढला. बंदी घातली नाही. साउंड मिक्सरच्या मागची जागा या मंडळींना नेमून दिली आणि त्यांची तिकिटंही वेगळी काढली. अट एकच: विकायचं नाही.

ही अट लोकांनी पाळली, त्याचं मला अजून नवल वाटतं. पद्धत अशी, की तुम्हाला एखादा कार्यक्रम हवा असेल तर ज्याच्याकडे आहे त्याला कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं पोस्टेज पाठवायचं. तो भरून पाठवणार. मोबदला काही नाही. फार तर तुम्ही तुमच्याकडचा एखादा कार्यक्रम त्याला द्यायचा. एकाच टेपच्या प्रती पुष्कळांना हव्या असतील तर झाड करायचे: मूळ टेपवाला पाच जणांना देणार, ते पाच प्रत्येकी पाचांना. कॅसेटवरून कॅसेट काढली की दर पिढीला खरखर वाढते, म्हणून तुमची प्रत कितव्या पिढीची हे विचारायची रीत होती, आपल्याकडे गोत्र विचारतात तशी. कॅसेटबरोबर पत्र यायचं. मी या कार्यक्रमाला होतो, पाऊस पडत होता, दुसऱ्या भागात वीज गेली, माझ्या बायकोची नि माझी ओळख तिथेच झाली. माझ्या त्या टेस्टरने ही पत्रंसुद्धा कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवली होती.

त्याची एक सवय मला तेव्हा फार मजेशीर वाटली. कॅसेटच्या आतल्या कागदावर तो संपूर्ण वंशावळ लिहायचा. कुठला मायक्रोफोन, कितव्या रांगेत, कुठला रेकॉर्डर, मग कुठल्या डेकवरून कुठल्या डेकवर प्रत काढली. आणि कुठे काय बिघडलंय तेही: ‘पहिल्या गाण्याची सुरुवात नाही’, ‘बाजू बदलताना अर्धं मिनिट गेलं’. दोष लपवायचा नाही. पुढे संगणकाच्या फायली आल्या तरी या लोकांनी रीत तीच ठेवली. एमपीथ्री त्यांना चालत नाही, त्यात आवाज कापला जातो. फायली न कापणाऱ्या पद्धतीनेच साठवायच्या, आणि प्रत्येक फायलीच्या आकड्यांचा एक ठसा सोबत द्यायचा, म्हणजे घेणाऱ्याला पडताळून बघता येतं की एक अंशही बदल झालेला नाही. पगार घेणारे आम्ही इतके नेटके वागत नाही.

मी त्याला एकदा म्हटलं, एवढ्या प्रती कशाला? बँडकडे मूळ टेपा असतीलच की. तो हसला आणि त्याने मला बेटीची गोष्ट सांगितली.

बेटी कँटर-जॅक्सन ही डेडची साउंड इंजिनिअर. १९७०च्या दशकात रंगमंचावरच्या साउंडमध्ये काम करणारी बाई, म्हणजे मला तिच्याबद्दल आधीच आदर. तिने मिक्सरमधून थेट केलेली रेकॉर्डिंग इतकी स्वच्छ आहेत की त्यांना तिचंच नाव पडलं. पण पुढे तिची परिस्थिती बिघडली, टेपा ज्या भाड्याच्या गोदामात ठेवल्या होत्या त्याचं भाडं थकलं, आणि १९८६ साली गोदामवाल्यांनी आतल्या सामानाचा लिलाव केला. शेकडो रिळं अनोळखी लोकांच्या हाती गेली. काहींना ओल लागली, बुरशी आली. त्यातली बरीच रिळं नंतर टेपप्रेमींनीच खटपट करून साफ केली, वाजवती केली, आणि प्रती काढून वाटून टाकल्या.

त्या रिळांमध्ये ८ मे १९७७चा कार्यक्रम होता, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला. त्या रात्री बाहेर मे महिन्यात बर्फ पडला होता, हे तिथे असलेले सगळे सांगतात. या कार्यक्रमाच्या कॅसेटी हातोहात इतक्या पसरल्या, की पुढे अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्राने जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला. ते जाहीर झालं २०१२ साली. आणि बँडने त्याचा अधिकृत अल्बम काढला तो २०१७ मध्ये! म्हणजे मालकांच्या दुकानात माल यायच्या कितीतरी आधी तो गावभर घराघरांत होता. आपल्याकडे विरजणाचं असतं तसं. तुमचं दही बिघडलं तर शेजारणीकडून वाटीभर आणता. ते मुळात तुमच्याच घरून तिच्याकडे गेलेलं असतं.

आता या लोकांमधल्या एका जुन्या भांडणाबद्दल सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. टेप दोन जातींची. एक साउंडबोर्डची, म्हणजे मिक्सरमधून वायर काढून थेट घेतलेली. दुसरी श्रोत्यांमधली, मायक्रोफोन उभा करून घेतलेली. पहिलीत गाणं स्वच्छ. दुसरीत खोकला, शिट्ट्या, शेजारचा माणूस गाडी कुठे लावली ते सांगतोय. मला वाटलं यात भांडण्यासारखं काय आहे, स्वच्छ ती चांगली. टेस्टरने मला एकच संध्याकाळ दोन्ही टेपांवर ऐकवली. साउंडबोर्डवर गाणारा जणू माझ्या कानाशी होता, पण कुठे गातोय हे कळत नव्हतं. बंद खोलीत गातोय असंही वाटलं असतं. दुसरीवर गाणं लांब, जरा गढूळ. पण एका जागी आठ-दहा हजार माणसं एकदम श्वास रोखतात ते ऐकू येतं. काही मंडळी हल्ली दोन्ही टेपा संगणकावर जुळवून एक करतात. दोन यंत्रांचा वेग कधीच सारखा नसतो, त्यामुळे ते भलतं किचकट काम आहे. मला ते आवडायला लागलं. रविवारी इतर लोक योसेमिटीला जायचे, मी गॅरेजमध्ये टेपा जुळवायची.

तिथेच एक प्रसंग घडला. टेस्टरची सगळ्यात लाडकी आठवण १३ जुलै १९८४ची. बर्कलीचं उघडं ग्रीक थिएटर. कार्यक्रम संपला, लोक परत बोलावतायत, आणि बँडने ‘डार्क स्टार’ सुरू केलं. ते गाणं त्यांनी अडीच वर्षं वाजवलेलं नव्हतं. पुढेही पाच वर्षं वाजवलं नाही. ती संध्याकाळ तो इतकी रंगवून सांगायचा, की कुठल्या पायरीवर बसलो होतो, पुढच्या बाईच्या शालीचा रंग कोणता. एकदा आम्ही डब्यांमधले जुने कागद स्कॅन करत होतो. त्यात त्या वर्षीच्या ग्रीक थिएटरच्या तिकिटाचा त्याचा तुकडा निघाला. कार्यक्रम तीन दिवस होता, १३, १४ आणि १५. तिकीट १४चं होतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तेराची कॅसेट मला मित्राने दुसऱ्याच आठवड्यात दिली होती. ती मी इतक्या वेळा ऐकली की मी तिथे जाऊन बसलो. शाल कदाचित चौदाची असेल. त्याने तो तुकडा फेकला नाही. तेराच्याच डबीत ठेवला, आणि आतल्या कागदावर, वंशावळीच्या खाली, लिहिलं: मी नव्हतो.

हे मला तेव्हा फार खडूसपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. का ते सांगते.

आपलं १९९६च्या जानेवारीचं गॅदरिंग. इथे कोणालाही विचारा, त्याला एकच गोष्ट आठवते. आपल्या वर्गातल्या तिघांनी स्टेजवर इंग्रजी गाणं वाजवलं. एक गिटार, एक पेटी आणि स्काउटचा ड्रम. आपल्या गावात रॉक आला तो असा. गाण्याचं नाव सांगत नाही. त्या काळी ज्याच्या हाती गिटार आली तो तेच वाजवायचा. गिटारवाला कोण होता हेही सांगायला नको. त्याला जाऊन आता बारा वर्षं झाली. काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काकू, मी हे तुम्हाला विचारूनच बोलतेय.

गेल्या दिवाळीत मी गावी आले होते. माईकवाल्याच्या मुलाने दुकान आवरायला काढलं होतं. त्याने मला एक पोतं दिलं, म्हणाला, ताई, तुम्ही या कॅसेटींचं काहीतरी करता ना. लग्नं, मुंजी, गणपती. त्यात एक निघाली, ‘शाळा गॅदरिंग ९६’. ॲम्प्लिफायरमधून थेट घेतलेली. साउंडबोर्ड! मी आपल्या ग्रुपवर लिहिलं, तर आपल्याच एका मैत्रिणीच्या आईकडे दुसरी निघाली. मुलीच्या नाचासाठी त्यांनी तिसऱ्या रांगेत मांडीवर टू-इन-वन घेऊन टेप केली होती. नाच झाल्यावर बटण बंद करायचं राहून गेलं. मावशी, तुमचे उपकार.

दोन्ही जुळवायला बसले तर वेग जुळेना. अमेरिकेत याला एक युक्ती आहे. टेपमध्ये विजेची बारीक घरघर आलेली असते. ती तिथे ६० हर्ट्झची, तेवढी भरेपर्यंत वेग सरकवायचा. आपल्याकडे ५० हवी. पण त्या वर्षांत आपली वीज ५०वर टिकायची कुठे? संध्याकाळी पंखे मंद फिरायचे ते आठवा. शेवटी मी शाळेत आले, बाईंकडून संगीताच्या खोलीची किल्ली घेतली, आणि तीच जुनी पेटी वाजवून सूर मोजले. तीस वर्षांत पेटीही थोडी हललीच असणार. ते मी वंशावळीत लिहिलंय.

आता ऐका. मला पक्कं आठवत होतं की त्याने ते गाणं एका दमात, न चुकता वाजवलं. ग्रुपवर विचारलं, सगळ्यांना तसंच आठवतं. माईकवाल्याच्या टेपवरही तसंच आहे. मावशींच्या टेपवर नाही. मावशींच्या टेपवर तो सुरुवात करतो, चौथ्या-पाचव्या ओळीशी हात चुकतो, गिटार थांबते. मागून आपल्यातलेच कोणीतरी हुर्यो करतात. ते आवाज मला ओळखू येतात, मी सांगणार नाही. सर ‘शांत बसा’ म्हणतात. आणि मग तो म्हणतो, “थांबा, थांबा. पहिल्यापासून घेतो.” कसल्याही घाईशिवाय. आणि पहिल्यापासून घेतो.

माईकवाल्याने काय केलं होतं, तर गाणं अडलं तसं टेप वाचवायला मागे नेऊन पुन्हा सुरू केली होती. शहाणा माणूस. कॅसेट महाग होती.

मी काकूंना फोन केला आणि विचारलं, हे ठेवू का काढू? माझ्या मनात काढायचंच होतं, खरं सांगते. तीस वर्षं आपण सगळ्यांनी त्याला न चुकता वाजवताना ऐकलंय, मी कोण ते बिघडवणार? काकूंनी ऐकवायला सांगितलं. मी घरी जाऊन लॅपटॉपवर लावलं. गाणं संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ते ‘थांबा’ परत लाव. मी लावलं. परत लाव म्हणाल्या. पाच-सहा वेळा तरी लावलं असेल. गिटारच्या त्याच्या दोन-तीन कॅसेटी काकूंकडे आहेत. बोलताना एकही नव्हता.

तर ते ठेवलंय. आज दुपारी जेवणानंतर याच हॉलमध्ये पूर्ण लावणार आहे. हुर्यो करणाऱ्यांनी मागे बसायला हरकत नाही.

एक अडचण मात्र राहिली आहे. मावशींच्या कॅसेटची बाजू शेवटच्या कडव्यातच संपते, खट्कन. माईकवाल्याची त्याच्याही आधी संपते, कारण पुढे त्याने त्याच कॅसेटवर कुणाची तरी हळद भरली आहे. म्हणजे गाण्याचा शेवट, शेवटची मिनिट-दीड मिनिटं, कुठेच नाही. पण ग्रुपवर दोघांनी सांगितलंय की तेव्हा मावशींच्या मागे आणखी एक टेपरेकॉर्डर होता. कोणाचा, ते आठवत नाही. आमच्या पाचवी-सहावीतली धाकटी भावंडं त्या रांगेत बसली होती, तर तुमच्या घरी विचारा. माळ्यावर, शिवणयंत्राच्या खणात, कुठेही असेल. कडेवर काही वेगळंच लिहिलेलं असेल, भक्तिगीतं वगैरे, तरी आणा.

चहाच्या टेबलाशेजारी मी डेक आणि लॅपटॉप लावलाय, साडेचारपर्यंत तिथेच आहे. सापडली तर घरी वाजवून बघू नका, बुरशी असेल तर पट्टी चिकटून तुटते. पेन्सिल घालून गुंडाळूही नका. फक्त एक करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे कान असतात, ते अजून शाबूत असतील तर आधी मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. आणि मग तशीच, डबीसकट, माझ्याकडे द्या.